छर्रे मित्राचे, बिल कोणाचे?

११ फेब्रुवारी २००६. दक्षिण टेक्सासमधल्या आर्मस्ट्राँग रँचवर लाव्यांची शिकार चालली होती. अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी उडालेल्या पक्ष्यामागे बंदूक फिरवत वळले, मावळतीच्या उन्हात बार काढला, आणि छर्रे बसले ते हॅरी व्हिटिंग्टन या ७८ वर्षांच्या वकिलाच्या तोंडावर, मानेवर आणि छातीवर. एक छर्रा हृदयापर्यंत पोचला, सौम्य झटकाही आला. आठवडा पुरा व्हायच्या आत व्हिटिंग्टन इस्पितळातून बाहेर पडले आणि चेनी कुटुंबाला जो मनस्ताप झाला त्याबद्दल त्यांनीच दिलगिरी व्यक्त केली! फौजदारी खटला झाला नाही, दिवाणी दावाही नाही.

या उमदेपणाला नावे ठेवायचे कारण नाही. पण त्यावरून नियम काढणारे लोक आहेत, आणि हरकत आहे ती त्यांना. त्यांचे म्हणणे असे: दोस्ताच्या हातून चूक झाली, तर गिळून टाकावी; मित्राला कोर्टात खेचतो तो कसला मित्र? व्हिटिंग्टन ऑस्टिनमधले नावाजलेले, सधन वकील होते, हे मात्र ही मंडळी सोयीने विसरतात. सुतारकामावर घर चालवणाऱ्याचा डोळा गेला, तर त्याने दिलगिरी व्यक्त करून दुसऱ्या दिवशी रंधा कशाच्या जोरावर धरायचा?

शिवाय ‘मित्राला खेचणे’ हा समजच मुळात कच्चा आहे. अमेरिकेत घराचा विमा उतरवला की आगीबरोबर घरमालकाच्या कायदेशीर दायित्वाचाही विमा त्यात सहसा येतो, आणि तो उंबरठ्यापाशी थांबत नाही. दुसऱ्याच्या रानात या घरमालकाच्या निष्काळजीपणामुळे कोणी जखमी झाले, तरी पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत कंपनी भरपाई देते, बचावाला वकीलही तीच उभा करते. बहुतेक पॉलिसींत चूक कोणाची हे न पाहता उपचारासाठी हजार ते पाच हजार डॉलर देण्याचे वेगळे कलमही असते. अडचण एवढीच, की बहुतेक राज्यांत जखमीला थेट विमा कंपनीवर दावा लावता येत नाही. कागदावर नाव मित्राचेच घालावे लागते. नाव मित्राचे, पैसे कंपनीचे. मित्राने वर्षानुवर्षे हप्ते भरले ते याच दिवसासाठी. तेव्हा भिडेपोटी गप्प बसणारा जखमी मित्रावर उपकार करत नसतो, कंपनीवर करतो. त्यात टेक्सासमध्ये अशा दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे. भीड मोडेपर्यंत ती निघून जाते.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. शिकारीला गेला म्हणजे धोका पत्करूनच गेला, मग रडतो कशाला? आणि दोघांनी एकदम बार काढले, तर छर्रा कोणाचा हे सिद्ध कसे करणार? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ सालीच देऊन ठेवले आहे. समर्स विरुद्ध टाइस हा तो खटला, अमेरिकेतल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही पहिल्याच वर्षी भेटणारा. नोव्हेंबर १९४५ मध्ये तिघे लाव्यांच्या शिकारीला गेले. निघण्यापूर्वी वादीने इतर दोघांना बजावले होते, की जपून बार काढा, एका ओळीत राहा. पुढे तो चढावर होता आणि तो कुठे आहे हे दोघांनाही स्वच्छ दिसत होते. लावा उडाला, जेमतेम दहा फूट वर आला, आणि दोघांनीही वादीच्या दिशेने बार काढले. एक छर्रा डोळ्यात, एक वरच्या ओठात. दोन्ही बंदुका बारा बोअरच्या, छर्ऱ्यांचा आकारही तोच. छर्रा कोणाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते.

न्यायालयाने पुराव्याचे ओझेच फिरवले. चूक दोघांची आहे; तेव्हा ‘छर्रा माझा नव्हता’ हे ज्याने त्याने सिद्ध करावे, नाही तर दोघांनी भरावे. वादीने धोका पत्करला होता, हा बचावही टिकला नाही. रानात पाय मुरगळणे, साप निघणे हा शिकारीचा धोका. समोर माणूस दिसत असताना त्याच्या रोखाने चाप ओढणे हा त्या धोक्याचा भाग कसा ठरतो?

विम्याने माणूस बेफिकीर होतो, हा तिसरा युक्तिवाद घटकाभरही टिकत नाही. विमा कंपनी पैसे भरते. परवाना वाचवत नाही, तुरुंगात जात नाही, आणि मुद्दाम झाडलेल्या गोळीचे तर पैसेही देत नाही.

खरे बोट ठेवायला हवे ते विम्यातल्या भोकांवर. अमेरिकेतल्या घराच्या पॉलिसीत एकाच घरात राहणारे कुटुंबीय एकमेकांविरुद्ध सहसा भरपाई मागू शकत नाहीत. बापाच्या बंदुकीतून शेजाऱ्याच्या मुलाला छर्रे लागले तर कंपनी देईल. स्वतःच्या मुलाला लागले तर नाही. आणि शिकारीला लोक पुष्कळदा घरच्यांबरोबरच जातात! ज्याचे स्वतःचे घर नाही, भाड्याच्या जागेत ज्याने विमा घेतलेला नाही, त्याच्याकडे तर काहीच नाही. म्हणून जर्मनीची रीत अधिक शहाणपणाची. तिथे दायित्वाचा विमा दाखवल्याशिवाय शिकारीचा परवाना मिळत नाही, आणि माणसाला इजा झाल्यास किमान ५ लाख युरोचे संरक्षण कायद्यानेच बांधून दिले आहे. फ्रान्स आणखी एक पाऊल पुढे गेला. गोळी कोणी झाडली ते कळले नाही, किंवा झाडणाऱ्याचा विमाच नसला, तर जखमीला राष्ट्रीय हमी निधीतून भरपाई मिळते.

‘आपल्याकडे शिकारीला कायद्याने बंदी, मग ही उठाठेव कशाला?’ असे कोणी म्हणेल. पण २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्यांपैकी एकाने सोबत्यालाच डुक्कर समजून गोळी घातली, आणि घाबरलेल्या मंडळींनी प्रेत लपवले, असे पोलिसांनी सांगितले. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूबद्दल वारसांना दोन लाख रुपये देणाऱ्या गोपीनाथ मुंडे योजनेत गुन्ह्याच्या उद्देशाने कायदा मोडताना झालेला अपघात बसत नाही. बेकायदा शिकाऱ्यापुरती ही अट रास्तच म्हणायला हवी. पण पिकांची नासाडी करणारी रानडुकरे मारायला वनखाते रीतसर परवानगीही देते. त्या बंदुकीची गोळी लागून बांधावरून जाणारा मजूर दगावला, तर १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली त्याच्या वारसांना दावा लावता येतो. पण तो जिंकूनही वसुली करायची ती कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याकडून. स्कूटर रस्त्यावर आणायची तर त्रयस्थाचा विमा सक्तीचा, बंदुकीच्या परवान्याला मात्र तो लागत नाही. डुक्कर मारण्याच्या परवानगीबरोबरच असा विमा वनखात्याने काढून द्यावा आणि त्याचा हप्ताही सरकारनेच भरावा. पिकाचे नुकसान सोसणाऱ्या शेतकऱ्यावर तो खर्च टाकू नये.