तिसऱ्या पिनेची बाजू

अंधेरीत घरी बसून एडिट करणारे, भाड्याच्या खोलीत डबिंग घेणारे, आरामनगरातल्या छोट्या रंगमंचांवर लॅपटॉपवरून पार्श्वसंगीत सोडणारे, या सगळ्यांत एक उपाय तोंडी परंपरेने चालत आला आहे. स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ येतंय? थ्री-पिनची वरची जाड पिन काढून टाक. किंवा प्लग उघड, हिरवी वायर सोडव, तिच्यावर काळी टेप गुंडाळ. झालं. आवाज जातो, सांगणारा उस्ताद ठरतो आणि ऐकणारा पुढे तोच उपाय तिसऱ्याला सांगतो. मला या उस्तादांशी भांडायचं आहे. उपाय लागू पडत नाही, अशी माझी तक्रार नाही. तो लागू पडतो, तिथेच घोळ आहे.

त्याआधी दोन किरकोळ पूर्वपक्ष बाजूला करू. पहिला रेल्वेचा. ‘रुळांच्या एवढं जवळ राहतो, घूं येणारच,’ हे वाक्य अंधेरीत पूर्वेलाही ऐकू येतं आणि पश्चिमेलाही. त्याला शास्त्राचा मुलामा चढवता येतो, हे कबूल. पश्चिम रेल्वेची उपनगरी लाइन २०१२ साली १,५०० व्होल्ट डीसीवरून पूर्णपणे २५,००० व्होल्ट एसीवर आली. ८ जून २०१४ला सुरू झालेली वर्सोवा-घाटकोपर मेट्रोही त्याच दाबावर धावते. दोन्हींची वारंवारता ५० हर्ट्झ, आणि आपल्या स्पीकरमधली गुणगुणही ५०ची किंवा तिच्या दुपटीची. आरोपी सापडला असं वाटतं. पण तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र तारेतून वाहणाऱ्या प्रवाहावर अवलंबून असतं, आणि प्रवाह वाहतो तो गाडी ओढून घेते तेव्हा. म्हणजे गाडी आली की घूं चढायला हवी, गेली की उतरायला हवी. शेवटची लोकल गेल्यावर आणि पहिली सुटायच्या आत कधीतरी स्पीकर लावून ऐका. पहाटे अडीचला तीच घूं तितकीच असेल, तर रेल्वे निर्दोष. वीज कंपनीचीही तीच कथा. बीएसईएस होती, मग रिलायन्स आली, २०१८पासून अदानी आहे. पाटी बदलत गेली, ‘लाइनच घाण आहे’ ही शिवी मात्र वारसाहक्काने पुढे गेली.

दुसरा पूर्वपक्ष साउंड कार्डाचा. ‘कार्ड गेलं, नवीन घे,’ असं कुणीतरी म्हणतं आणि माणूस लॅमिंग्टन रोडची वाट धरतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. लॅपटॉपचा चार्जर काढा, बाकी सगळ्या वायरी काढा, हेडफोन थेट लॅपटॉपला लावा. शांत आहे? मग कार्ड ठणठणीत आहे. कार्डाचा दोष निघतो तो एका वेगळ्या आवाजात. माउस हलवला की ‘चींऽऽ’, पान वर सरकवलं की किरकिर. तिथे मदरबोर्डवरच्या डिजिटल धावपळीचा कचरा आवाजाच्या वाटेत सांडलेला असतो. डेस्कटॉपच्या पुढच्या जॅकला हे जास्त होतं, कारण त्याची वायर कॅबिनेटच्या पोटातून फिरून येते. मागचा जॅक वापरून पाहावा, नाहीच जमलं तर बाहेरचा यूएसबी इंटरफेस घ्यावा. एवढ्यापुरतं कार्डवाल्यांचं म्हणणं खरं.

आता उस्ताद.

लॅपटॉप एका टोकाला, मिक्सर किंवा अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या टोकाला. दोघांचेही प्लग तीन पिनांचे, वेगवेगळ्या भिंतींतल्या सॉकेटना लावलेले. म्हणजे दोघेही आपापल्या हिरव्या वायरीने इमारतीच्या अर्थला जोडलेले. मग आपण त्यांच्यामध्ये ऑडिओ केबल टाकतो. तिची बाहेरची जाळीही दोन्ही यंत्रांचे सांगाडे एकमेकांना जोडते. झालं वेटोळं पूर्ण. चार्जरमधल्या, टीव्हीमधल्या, फ्रिजमधल्या गाळणीच्या कॅपॅसिटरांतून थोडी थोडी वीज अर्थच्या वायरीत गळतच असते. त्यामुळे दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक राहतो, आणि तो फरक जाळीतून प्रवाह ढकलतो. साध्या जॅकच्या केबलमध्ये जाळी हीच आवाजाची परतीची वाट असल्यामुळे त्या फरकाचा एक भाग संगीतात मिसळतो. घरगुती यंत्रांची ठरीव ऑडिओ पातळी सुमारे ०.३१६ व्होल्ट. त्यात ३ मिलिव्होल्ट घूं मिसळली तर ती संगीताहून फक्त ४० डेसिबल खाली राहते. गाण्याच्या गजरात ती लपते. नटाने दोन वाक्यांमध्ये श्वास घेतला की प्रेक्षागृहभर ऐकू येते.

पिन कापली की हे वेटोळं तुटतं, म्हणून घूं थांबते. उस्तादांचं निरीक्षण अचूक आहे. निदानही जवळजवळ बरोबर आहे. पण वेटोळ्याला दोन बाजू होत्या: एक जीव वाचवणारी, दुसरी फक्त आवाज वाहणारी. त्यांनी कापली ती पहिली.

आपल्या थ्री-पिनमधली ती वरची पिन बाकी दोघींहून जाड आणि लांब का असते, याचा कुणी विचार करत नाही. लांब असल्यामुळे प्लग खुपसताना ती आधी जोडली जाते आणि उपसताना शेवटी सुटते. वीज आत असताना अर्थ नाही असा एक क्षणही राहू नये, ही त्यामागची योजना. अ‍ॅम्प्लिफायरच्या आत इन्सुलेशन फाटलं आणि फेज पत्र्याला टेकला, तर हिरव्या वायरीतून धो-धो प्रवाह जातो आणि एमसीबी पडतो. हिरवी वायर नसेल तर पत्रा २३० व्होल्टवर निमूट बसून राहतो. त्याच पत्र्याला ऑडिओ केबलची जाळी जोडलेली आहे, जाळीला मिक्सर, मिक्सरला माइक, माइकची लोखंडी जाळी नटाच्या ओठांपाशी. अर्थ कापलेला अ‍ॅम्प्लिफायर विंगेत आणि मरणारा माणूस रंगमंचाच्या मध्यावर, असंही होऊ शकतं. ‘आमच्याकडे आरसीसीबी आहे,’ असं उत्तर येतं. असू दे. ती साधारण ३० मिलिअँपियरची गळती दिसली की तोडते. पण हिरवी वायर नसताना गळतीला पहिली वाट मिळते ती माणसाच्या अंगातूनच. मग ती तोडते. झटका आधी बसतो.

हा बागुलबुवा नाही. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वॉन्झीत ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे रंगमंचावरच गेला. हातात गिटारच्या तारा होत्या, दुसरा हात अर्थ नसलेल्या माइकला लागला. चार वर्षांनी ‘यार्डबर्ड्‌स’चा गायक कीथ रेल्फ घरात गिटार वाजवताना गेला; तिथेही अर्थिंगच सदोष. आपल्याकडे तर जून ते सप्टेंबर जमीन ओली, चपला ओल्या, आणि गणपतीच्या मंडपात लॅपटॉपवर आरती लावणाऱ्या पोराच्या पायाखाली बऱ्याचदा गोणपाट. तोही ओलाच.

उस्तादांच्या विरोधात आणखी एक मुद्दा आहे, आणि तो त्यांना जास्त झोंबेल, कारण तो आवाजाचाच आहे. अर्थ काढल्याने पुष्कळदा आवाज वाढतो. अर्थ नसलेल्या चार्जरवर चालणाऱ्या धातूच्या लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवलं तर झिणझिण लागते. चार्जरमधल्या कॅपॅसिटरांतून आलेली ती वीज प्रमाणात अगदी थोडी असते, पण तिला जमिनीत जायला वाट हवी असते. हिरवी वायर नसेल तर ती ऑडिओ केबलच्या जाळीतून वाट काढते, आणि एसएमपीएसची खरखर स्पीकरमध्ये घेऊन येते. लॅपटॉपला हात लावला की खरखर कमी होते आणि काढला की परत येते, असा अनुभव असेल, तर तुमच्याकडे अर्थ कमी पडतो आहे. तिथे पिन कापणं म्हणजे उरलीसुरली वाटही बुजवणं.

मग करायचं काय? वेटोळं तोडायचंच, पण ऑडिओच्या बाजूने. आधी फुकटचा प्रयोग: चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घूं गेली, म्हणजे वेटोळं चार्जरमार्गे होतं. मग लॅपटॉपचा चार्जर आणि पॉवर्ड स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. दोघांचा अर्थ एकाच ठिकाणी आला की फरक उरतच नाही, निदान ऐकू येण्याइतका. घरच्या टेबलावर बहुतेक वेळा गोष्ट इथेच मिटते.

नाट्यगृहात हे पुरत नाही, कारण लॅपटॉप मागच्या रांगेत आणि अ‍ॅम्प्लिफायर विंगेत असतो. तिथे डीआय बॉक्स लावावा, आत ट्रान्सफॉर्मर असलेला. लॅपटॉपचा जॅक त्यात, पुढे एक्सएलआरची बॅलन्स्ड केबल. त्या केबलमध्ये एकच संगीत दोन तारांवर उलटसुलट जातं, वाटेत दोघींवर सारखीच बसलेली घूं समोरचं यंत्र वजा करून टाकतं. बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचा खटका असतो. तो ऑडिओ केबलच्या जाळीचा संबंध तोडतो, प्लगच्या अर्थला हात लावत नाही. उस्तादांना हवं होतं ते नेमकं हेच. ज्यांना एवढा खर्च नको, त्यांच्यासाठी जॅकमध्ये लावायचे छोटे आयसोलेटर काहीशे रुपयांत मिळतात. स्वस्तातले ढोलकीचा खर्ज थोडा खातात, पण माणूस खात नाहीत.

रंगमंचावर आणखी एक आरोपी असतो आणि तो सहसा सुटतो: प्रकाशाचा डिमर. घूंऐवजी करकरीत ‘झर्रर्र’ येत असेल आणि दिवे अर्धे उतरवले की ती बदलत असेल, तर अर्थशी खेळू नका. आवाजाची लाइन दिव्यांच्या लाइनपासून वेगळ्या सर्किटवर घ्या आणि केबली दूर ठेवा. नुसती ‘सूंऽऽ’ असेल तर तो पातळीचा प्रश्न: लॅपटॉपचा आवाज जवळजवळ पूर्ण चढवा आणि स्पीकरचा उतरवा. संगीत मध्येच ‘टक्-टक्’ तुटत असेल तर त्याचा विजेशी संबंधच नाही. ४८,००० सॅम्पलांच्या वेगाला १२८चा बफर म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदांचीही उसंत नाही, बफर वाढवा. नुसतं संगीत सोडायचं असताना एवढी घाई कुणासाठी?

उरला शेवटचा आक्षेप, आणि तो मला सर्वांत रास्त वाटतो: ‘आमच्या जुन्या इमारतीत अर्थच नाही, सॉकेटला तीन भोकं आहेत पण वरच्या भोकामागे काही जोडलेलंच नाही.’ खरं आहे, असं पुष्कळ ठिकाणी असतं. पण त्यावर काही वायरमन जो तोडगा काढतात तो पिन कापण्याहून वाईट. सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र पिळून ठेवतात. टेस्टर लावणाऱ्याला सगळं छान दिसतं. उद्या न्यूट्रल कुठे तुटला, की घरातल्या प्रत्येक यंत्राचा पत्रा फेजवर येतो. तोवरही घूं वाढलेलीच, कारण दिव्या-पंख्यांचा परतीचा प्रवाह आता अर्थमधूनही वाहतो.

मल्टिमीटर घ्या, किंवा ज्याच्याकडे आहे त्याला बोलवा. फेज आणि अर्थमध्ये फेज-न्यूट्रलइतकाच, म्हणजे २३०च्या आसपास आकडा यावा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये, घरात भार चालू असताना, एखाद-दोन व्होल्ट. तिथे ठाम शून्य येत असेल तर आत पीळ मारलेला असण्याची शंका घ्या आणि सॉकेट उघडायला लावा. फेज-अर्थ आकडा भलताच कमी किंवा हेलकावणारा असेल, तर अर्थ नाही. ते काम सोसायटीचं: अर्थचा खड्डा, मीटररूमपासून वर येणारी पट्टी, परवानाधारक कंत्राटदार, आणि आयएस ३०४३ या भारतीय मानकाप्रमाणे तपासणी. सर्वसाधारण सभेत पार्किंगचा विषय संपल्यावर तो मांडता येतो. ते होईपर्यंत अ‍ॅम्प्लिफायर ज्या सॉकेटला खरा अर्थ आहे तिथूनच चालवा, तसं सॉकेट नसेल तर माइक हातात देऊ नका, आणि लॅपटॉप बॅटरीवर ठेवा. दोन अंकी नाटकाला ती पुरते.