तबला आणि गिटार

आंबेजोगाईच्या एका वाचक भगिनींनीं विचारलें आहे: पुतण्या आठ वर्षें तबला शिकला, आतां गिटार वाजविणाऱ्या मित्रांसह नव्या धर्तीच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढूं म्हणतो. थोरल्या दिरांनीं तबला कपाटांत घालून कुलूप लावलें आहे. यांत कोणाचें बरोबर?

झाकीर हुसेन यांचेंच उदाहरण घ्यावें. माहीमला १९५१ सालीं जन्मलेल्या या कलावंतानें पित्यापाशीं, उस्ताद अल्लारखाँ यांजपाशीं, रीतसर तालीम घेतली आणि पुढें जॉन मॅक्लॉफ्लिन या इंग्रज गिटारवादकासह ‘शक्ति’ हा वृंद उभारला. मॅक्लॉफ्लिन त्यापूर्वीं विजेच्या गिटारीवर कानठळ्या बसविणारें रॉकसंगीत वाजवीत असे. येथें त्यानें ती गिटार बाजूस ठेविली. तरफांप्रमाणें तिरप्या तारा लावलेली साधी गिटार मुद्दाम घडवून घेतली व मींड निघावी म्हणून पडद्यांमधील लांकूडहि कोरविलें! सोबत एल्. शंकर यांचें व्हायोलिन आणि विनायकराम यांचा घटम्. पहिली ध्वनिमुद्रिका ५ जुलै १९७५ रोजीं अमेरिकेंतील एका कॉलेजांत, भर मैफलींतच भरली गेली.

गिटारीचें सोडा, उत्तरेचा तबला आणि दक्षिणेचा घटम् यांचें जमणें आम्हांस अधिक बिकट वाटतें. बोल निराळे, ताल मोजण्याची रीत निराळी. तें जमलें, कारण कोणींहि आपली तालीम टाकली नाहीं. कीर्तनांत मृदंगी आणि टाळकरी एकमेकांकडे पाहून जें साधतात, तेंच हें.

१९७७ नंतर स्टुडिओंतील पुढची ध्वनिमुद्रिका, ‘धिस मोमेंट’, निघाली ती २०२३ सालीं. गायक होते चेंबूरचे शंकर महादेवन. लहानपणीं श्रीनिवास खळे यांच्या हाताखालीं तयार झालेले. साथीच्या दिवसांत जो तो आपल्या ठिकाणीं वाजवून मुद्रण दुसऱ्याकडे धाडी. ही रीत आम्हांस पसंत नाहीं; डोळ्यास डोळा न भिडतां सम कसली? तथापि ऐकतांना सांधा सांपडत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्यें तिला ग्रॅमी पारितोषिक मिळालें; त्याच वर्षीं १५ डिसेंबरला झाकीर हुसेन निवर्तले.

तेव्हां भगिनींनीं कुलूप काढवावें. मुलास एवढेंच विचारावें कीं, रोजचा रियाज आणि गुरुजींकडे जाणें चालू आहे ना? ध्वनिमुद्रिका पुरी झाली म्हणजे प्रथम थोरल्या दिरांसच ऐकवावी, आणि समेवर त्यांची मान हलली कीं नाहीं, तें आम्हांस अवश्य कळवावें.