रिचार्ज बंद केला. आता रेकॉर्डिंगचा डब्बा कोणता घ्यायचा?

चिचगड (ता. देवरी) : धानाचे चुकारे लांबले की घरात पहिली कात्री लागते ती टीव्हीच्या रिचार्जला. आमच्याही घरी लागली. पर्याय आहे प्रसार भारतीची डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ पासून सुरू, महिन्याचे भाडे शून्य. जुनी छत्री जीसॅट-१५ उपग्रहाकडे फिरवली की बहुधा कामी येते. डब्बा मात्र नवा लागतो.

खरा प्रश्न रेकॉर्डिंगचा. रोवणीच्या दिवसात माणूस बांधीत असतो, सह्याद्रीवरचा शेतीचा कार्यक्रम हुकतो. म्हणून तीन गोष्टी दुकानातच पाहा. एक, डब्बा एमपेग-४ आहे का. एमपेग-२ वर चॅनल कमी दिसतात. दोन, पेनड्राइव्ह लावून रेकॉर्ड करून दाखवायला सांगा. काही डब्ब्यांत ती सोय फक्त गाणी वाजवायला असते. तीन, टायमर आहे का. आणि लाईन गेली की रेकॉर्डिंगही थांबते, हे धरून चाला.

फुकटातले चॅनल कायमचे नसतात. एप्रिल २०२२ मध्ये स्टार उत्सव, झी अनमोल इथून निघून गेले होते, पुढे परत आले. तेव्हा मालिकेच्या भरवशावर महागडा डब्बा घेऊ नका. मालिका हुकली तर चालेल, हवामानाची बातमी हुकायला नको.