कुलूपबंद घराचे विद्यार्थी

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्याच्या वडवणी तालुक्यातील वाड्यातांड्यांवर घरांना कुलपे पडू लागतात; मुकादमाकडून उचल घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांची जोडपी, पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या उसाच्या फडांकडे निघून जातात, आणि मागे राहतात ती वृद्ध माणसे व ज्यांचे शिक्षण मध्येच मोडवत नाही अशी मुले. त्यांपैकी शाळकरी मुलांची तजवीज शासनाने, अपुरी का होईना, हंगामी वसतिगृहांच्या रूपाने केली आहे. परंतु महाविद्यालयाच्या वर्गात पाऊल पडले की निवाऱ्याची आणि दोन वेळच्या अन्नाची गरज आपोआप संपते, अशा समजुतीवरच जणू आपली दप्तरे चालत असतात.

गाळप हंगामाचा ऐन भर आणि विद्यापीठाच्या पहिल्या सत्राच्या परीक्षा बहुधा एकाच काळात येतात. ज्या दिवसांत घरच्या कोणी आयती भाकर पुढे ठेवावी, नेमके त्याच दिवसांत हा विद्यार्थी स्वतः चूल पेटवितो, धाकट्या भावंडांना शाळेत धाडतो, आजीचे औषधपाणी पाहतो आणि उरल्या वेळात पुस्तक उघडतो. मुलीला तर तो उरला वेळही नसतो. किंबहुना तिला एकटी मागे कशी ठेवावी, या भयाने पुष्कळ आईबाप तिचे लग्नच उरकून टाकतात. मग निकालपत्रात जे उतरते त्याला आपण ‘ग्रामीण विद्यार्थ्यांचा कच्चा पाया’ असे सोयीचे नाव देतो. महाविद्यालयांच्या नॅक मूल्यांकनात विद्यार्थ्यांचे समाधान अजमावणारी प्रश्नावली असते खरी, पण तिचा रोख अध्यापनाकडे. रात्री निजलास कोठे आणि जेवलास काय, हे ती विचारीत नाही.

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. भोजन आणि निवास यांसाठीची रक्कम थेट खात्यात जमा होते. योजनेचा हेतू स्तुत्य आहे. मात्र विद्यार्थी शिक्षणसंस्थेच्या गावचा स्थानिक रहिवासी नसावा, ही तिची एक अट. संभाजीनगरला किंवा पुण्याला गेलेल्यास ती आड येत नाही. पण वडवणीतच राहून वडवणीतच शिकणारा, ज्याचे आईबाप सहा महिने परमुलखात आहेत, तो कागदोपत्री मात्र ‘घरी’ असतो. शिवाय घरमालक दरमहा भाडे मागतो, सरकारी हप्ता मात्र आपल्या सवडीने येतो. आणि पैशाने खोली मिळाली तरी अभ्यासाची शिस्त, सोबत्यांचा सहवास व वडीलधाऱ्याची नजर मिळत नाही.

हे मर्म आपल्या पूर्वसूरींनी अचूक ओळखले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जमिनी व इमारती दिल्या, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसविणारे छात्रालय उघडले. त्यांच्या लेखी वसतिगृह ही शिक्षणाला जोडलेली दयाबुद्धीची पुरवणी नव्हती, ते शिक्षणच होते. शासनानेही २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांचा निर्णय केला. निर्णय उत्तम; पण अशा वसतिगृहांना स्वतःच्या इमारती हव्यात, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा हव्यात, आणि मुख्य म्हणजे ती दिवाळीच्या सुट्टीत बंद होता कामा नयेत. वसतिगृहाच्या दाराला कुलूप आणि घराच्या दारालाही कुलूप, अशा वेळी या मुलाने जावे कोठे? बहुधा तो फडावरच जातो, आणि एकदा हाती कोयता आला की वर्गाकडे परतणे अवघड होऊन बसते.

तेव्हा तालुक्यातील महाविद्यालयांनी येत्या दसऱ्यापूर्वी, आईबाप हंगामावर गेलेल्या आपल्या पटावरील विद्यार्थ्यांची यादी करावी. ग्रामपंचायतीने दिलेला स्थलांतराचा दाखला समाजकल्याण खात्याने ग्राह्य मानावा. आणि स्वाधार योजनेतील स्थानिक रहिवासाची अट निदान हंगामापुरती तरी शिथिल करावी. यासाठी नवी इमारत लागत नाही, एक शासननिर्णय पुरेसा आहे.