विश्लेषण : जुन्या बुलेटचं हेड गेलं; दुरुस्त करायचं की नवं बसवायचं?

तुमसर, पवनी किंवा साकोलीतल्या एखाद्या घरी आजोबांच्या काळातली बुलेट आजही अंगणात उभी दिसते. किक मारली की सुरूही होते. पण मे महिन्याच्या उन्हात नागपूरपर्यंत नेली की ताकद जाते, प्लगजवळून हवा सुटते आणि मिस्त्री निकाल देतो, 'हेड गेलं.'

पूर्वी पुढचा प्रश्न फक्त पैशाचा होता. आता त्यात पेट्रोलमधलं इथेनॉल, नोंदणीचं वाढलेलं शुल्क आणि २०२१ चा व्हिंटेज वाहनांचा नियम अशा तीन गोष्टी शिरल्या आहेत.

हेड गेलं म्हणजे काय झालं?

जुन्या लोखंडी इंजिनाच्या ३५० सीसी बुलेटमध्ये सिलिंडर बीडाचं आणि वरचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. व्हॉल्व्ह, त्यांच्या सीट, प्लगचे आटे हे सगळं या हेडमध्येच. राजदूत १७५, येझदी किंवा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाड्यांच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह नसतात, त्यामुळे त्यांचं दुखणं तुलनेनं साधं असतं.

नुकसान नेमकं कुठे आहे, यावर बरंच ठरतं. प्लगचे आटे गेले असतील तर नवे आटे पाडून आत स्टीलची स्प्रिंग किंवा बुश बसवता येतं. एवढ्यासाठी हेड फेकणं हा मूर्खपणा आहे. हेड वाकलं असेल तर फेसिंग करून सपाट करता येतं. मात्र जास्त छिललं की कम्प्रेशन वाढतं आणि इंजिन ठोकायला लागतं. तुटलेली फिन वेल्डिंगनं भरता येते.

खरी अडचण असते ती प्लगच्या भोकापासून एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपर्यंत गेलेल्या तड्याची. भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव, इथे धातूला डाग देणारे हात पिढ्यानपिढ्यांचे. पण हेड म्हणजे भांडं नव्हे. अनेक वर्षांचं तेल धातूत मुरलेलं असतं. ते नीट साफ करून, हेड आधी गरम करून आर्गन वेल्डिंग करावं लागतं. त्या उष्णतेनं व्हॉल्व्हच्या सीट आणि गाइड सैल होऊ शकतात. म्हणून नंतर मशिनिंग आणि सीटचं काम पुन्हा करावंच लागतं. एवढं करून देणारा कारागीर मिळत नसेल तर नवं हेड घेतलेलं बरं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेवढा दिलासा.

हेड बदललं तर आरसीचं काय?

काही नाही. इंजिन नंबर क्रँककेसवर कोरलेला असतो, हेडवर नाही. घोळ होतो तो भंगारातून अख्खं इंजिन आणून बसवलं की. नंबर आरसीशी जुळत नाही आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार तो बदल आरटीओकडून नोंदवून घ्यावा लागतो. 'हेडपेक्षा पूर्ण इंजिनच स्वस्त पडेल' असं कुणी सांगितलं तर आधी हे आठवा.

'१५ वर्षं झाली की गाडी भंगारात' हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा समजही चुकीचा आहे. दिल्लीचा नियम एमएच ३६ ला लागू नाही. तपासणीत पास झालेल्या खासगी दुचाकीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवता येते. मात्र २० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये एक हजारावरून दोन हजार रुपये झालं. राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर?

इथे मात्र हेडला महत्त्व येतं. केंद्राच्या २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपातली आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल न झालेली गाडीच 'व्हिंटेज' ठरते. म्हणजे २०२५ मध्ये १९७५ किंवा त्याआधीची. १९८५ मध्ये आलेली आरएक्स १०० कितीही लाडकी असली तरी यात बसत नाही. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, पण अशी गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती आणि इंधन भरण्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. ही नोंदणी करायची असेल तर मूळ हेड वाचवण्यावर खर्च करणं मला योग्य वाटतं. रोज शेतावर जायची गाडी असेल तर तो हट्ट नको.

ई२० मुळे हेड जातं का?

थेट नाही. उलट इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो आणि इंजिनाची ठोक कमी होते. पण शुद्ध पेट्रोलला एका भागामागे सुमारे १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. जुन्या कार्ब्युरेटरला हे कळत नाही. तो पूर्वीइतकंच इंधन सोडतो, मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन जास्त तापतं. भंडाऱ्याच्या उन्हात त्याची भर नको. धान पिकवणाऱ्या या जिल्ह्यात एक गंमतही नोंदवावी : इथेनॉलसाठी अन्न महामंडळाचा तांदूळही दिला जातो.

म्हणून हेड दुरुस्त केलेलं असो वा नवं, बसवताना मिस्त्रीला मेन जेट एक नंबर मोठा लावून प्लगचा रंग बघायला सांगा. पांढरा पडत असेल तर मिश्रण अजून पातळ आहे. कार्ब्युरेटरची रबरं आणि पेट्रोलचा पाइपही त्याच वेळी बदलून घ्या. आणि काढलेलं जुनं हेड भंगारवाल्याला देऊ नका. गाडीची पन्नाशी अजून व्हायची असेल तर पुढे ते लागेल.