बोनेटखालचा टर्बो आणि कायद्याचं बंद दार

आधी स्पष्ट सांगतो, म्हणजे कमेंटमध्ये गैरसमज नको. मी गाडीवेड्या पोरांच्या विरोधात नाही. मी त्यातलाच. जुनी होंडा सिटी व्हीटेक रस्त्यानं गेली की आजही मान वळते. पण वाशीम-हिंगोली-वारंगा रस्ता चौपदरी झाल्यापासून रात्री जे चालतं त्यावर कुणीतरी बोललंच पाहिजे. आणि नुसत्या पोरांना शिव्या घालून भागणार नाही, कारण निम्मा दोष कायद्याचा आहे.

विषय आहे जुन्या पेट्रोल सेडानला बाहेरून टर्बो बसवण्याचा.

आपल्याकडे टर्बो म्हटलं की ट्रकच्या तोंडावर रंगवलेला शब्द आठवतो. ट्रकला चालतो, ट्रॅक्टरला चालतो, मग कारला कामून नाही? इथंच फसगत होते. डिझेल इंजिन आधी नुसती हवा दाबतं आणि डिझेल शेवटच्या क्षणी फवारतं, त्यामुळे जास्त हवा कोंबली तरी ते सहसा कुरकुर करत नाही. या जुन्या पेट्रोल इंजिनांत हवा आणि पेट्रोल आधीच मिसळून आत येतं. टर्बोनं ते जादा दाबलं की तापतं, आणि ठिणगी पडायच्या आधी किंवा नंतर आपल्या मनानं पेट घेतं. त्याला नॉकिंग म्हणतात. ते वाढलं की पिस्टनला भोक पडतं, नाहीतर हेड गॅस्केट जातं. बाहेर एप्रिल-मे मधलं आपलं ऊन ४२ डिग्रीचं, म्हणजे टर्बोकडे जाणारी हवा आधीच गरम.

त्यात आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलनं ऑक्टेन वाढतो, नॉकिंगला थोडा आळा बसतो, हे खरं. पण तेवढ्याच हवेला इथेनॉल जास्त लागतं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या गाडीच्या कॉम्प्युटरला हे ठाऊक नाही. पूर्ण पाय दाबला की इंधन कमी पडतं, आणि टर्बोच्या इंजिनात इंधन कमी पडणं म्हणजे आगीत हात घालणं.

बरं, इंजिन गेलं तर ते मालकाच्या खिशाचं नुकसान. त्याचं त्यानं बघावं. माझं भांडण त्याच्या पुढचं आहे.

सिटी व्हीटेक कंपनीतून आली तेव्हा १०६ हॉर्सपॉवरची होती. तिला पुढं डिस्क, मागं ड्रम. अर्धा बार टर्बोचा दाब दिला आणि ट्यूनिंग नीट जमलं, तर कागदावर ती दीडशेच्या आसपास जाते. आता दुसरं उदाहरण घ्या. स्कोडानं २००४ मध्ये आपल्याकडे ऑक्टाव्हिया आरएस विकली, तीही १५० हॉर्सपॉवरची, आणि टर्बो कंपनीनंच बसवलेला. पण तिचं इंजिन टर्बो गृहीत धरून बनवलेलं, कूलिंग त्या हिशोबाचं, चारही चाकांना डिस्क. आकडा दोन्हीकडे एकच. फरक एवढाच की एका गाडीत पळण्यासोबत थांबण्याचाही विचार केलाय.

थांबण्याचं गणित शाळेतलंच आहे. ताशी ८० वरून १२० वर गेलात तर वेग दीडपट होतो, पण ब्रेकला जिरवायची ऊर्जा सव्वादोनपट. ड्रम तेच, टायर तेच.

आणि रस्त्यावर कोण असतं? वसमतच्या मार्केटला हळद घेऊन निघालेली ट्रॉली, जिला मागं रिफ्लेक्टर नाही. उसाची बैलगाडी. श्रावणात औंढ्याला पायी निघालेली माणसं. नर्सीला जाणारी दिंडी. दुभाजक फोडून शेतात जायला वाट केलेली असते, तिथून टॉर्च घेऊन निघालेला म्हातारा, कारण मोटारीची लाईट रात्रीच येते. यातल्या कुणीही तुमच्या टर्बोला परवानगी दिलेली नाही.

आता कायद्याकडं येऊ.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती कंपनीनं दिलेल्या माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठणकावलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

छान. मग टर्बो बंद झाले का? नाही. ते बोनेटखाली लपले.

गंमत बघा. शहराशहरात बुलेटच्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात, व्हिडिओ व्हायरल होतात, साहेबांची वाहवा होते. सायलेन्सर सापडतो कारण तो ओरडतो. टर्बो उलटा आहे. तो धुराच्या जोरावर फिरतो, त्यामुळे एक्झॉस्टचा आवाज थोडा दबतोच. म्हणजे कानाला त्रास देणारी वस्तू रोलरखाली, आणि जीव घेऊ शकणारी वस्तू गुपचूप टोलनाक्यातून पार. पंधरा वर्षं झालेली गाडी दर पाच वर्षांनी पासिंगला न्यावी लागते. तेव्हा टर्बो उतरवायचा, जुना मॅनिफोल्ड चढवायचा, शिक्का घेऊन आलं की परत बसवायचा. गाडीवाल्या पोरांत हे कुणाला नवीन नाही.

याच कलम ५२ मध्ये एक दार मात्र उघडं आहे. ते सीएनजीचं. पेट्रोलच्या गाडीत गॅसची टाकी बसवणं काय कमी धोक्याचं काम आहे? तरी तिथं रीतसर वाट आहे. किट पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेनं तपासलेलं असावं लागतं, अधिकृत केंद्रात बसवावं लागतं, आरसीवर नोंद होते, विमा कंपनीला कळवतात, दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी होते. म्हणून गॅसच्या गाड्या आज लपून चालत नाहीत. जर्मनीत तर टर्बोसारख्या बदलालाही ही वाट आहे. तपासनीस गाडी बघतो, ब्रेक बघतो, पटलं तर कागदावर चढवतो, नाही पटलं तर गाडी रस्त्यावर येत नाही.

कुणी म्हणेल, परवानगी दिली तर आणखी पोरं बसवतील. मी म्हणतो, उलट कमी बसवतील. आज कुठूनतरी जुना टर्बो आणून वेल्डिंग मारून काम भागतं. उद्या चार डिस्क, नवे टायर, ट्यूनिंगचा रिपोर्ट आणि वाढीव विमा सक्तीचा झाला, की निम्म्यांची हौस हिशोबातच फिटेल. उरलेल्यांची गाडी निदान थांबेल तरी.

दुसरे म्हणतील, हिंगोलीत पाण्याचे वांधे, पोरांना काम नाही, आणि याला टर्बोचं पडलंय. भाऊ, हायवेवर मेलेल्या माणसाच्या घरी हे सांगून बघा. न कळवलेला बदल सापडला की विमा कंपनीला हात झटकायला कारण मिळतं. मग मेलेल्याची बायको कोर्टाच्या पायऱ्या झिजवते आणि गाडीवाल्याचा बाप शेत विकतो. दोन घरं बसतात.

म्हणून मागण्या तीनच:

१. केंद्राच्या परिवहन मंत्रालयानं सीएनजीसारखीच टर्बोला तपासणीची वाट करावी. ब्रेक आणि टायर बदलल्याशिवाय मंजुरी नाही, आणि नवी ताकद आरसीवर लिहायची.

२. तोपर्यंत पासिंगला बोनेट उघडून बघा, आणि रात्रीच्या नाकाबंदीतही बघा. नुसता आवाज ऐकून गाडी सोडू नका.

३. मराठवाड्यात वर्षातून चार दिवस तरी एखादी बंद धावपट्टी, अँब्युलन्स आणि फायर ब्रिगेडसह, या पोरांना द्या. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्यात. हीच सिटी चेन्नईच्या ट्रॅकवर शर्यतीत पळाली आहे. पोराला पळायला जागाच दिली नाही तर तो हायवेवरच पळणार.

आणि पोरांनो, तुम्हाला एकच. दार उघडेपर्यंत टर्बोची गाडी रस्त्यावर काढू नका. कायदा चुकीचा आहे म्हणून समोरच्या बैलगाडीवाल्याचा जीव स्वस्त होत नाही.

आपले खासदार-आमदार ही पोस्ट वाचतील न वाचतील, त्यांच्या जवळची माणसं नक्की वाचतात. त्यांना टॅग करा. पटलं नसेल तर कमेंटमध्ये मुद्द्यावर भांडा, उत्तर देईन.