आवडता ऋतू पावसाळा, पण चित्र कोणत्या गावचे?

पावसाळा आला की शाळांतून चित्रकला स्पर्धा निघतात. विषय ठरलेला, 'माझा आवडता ऋतू'. आपल्या गावच्या शाळेत अशी स्पर्धा झाली तर ती चित्रे एकदा सवडीने पाहून या. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, निळी नदी, छत्री घेतलेली मुलगी आणि कडेला नारळाचे झाड. लातूर-बीडकडच्या पोराने नारळ बहुधा देवळात फुटतानाच पाहिलेला. तरी तो चित्रात येतो, कारण बक्षीस कशाला मिळते हे पोरांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

पोरांना हवामान कळत नाही, असे मात्र समजू नका. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्या वर्षीच्या लातूरच्या मुलाला मनापासून काढ म्हटले असते, तर त्याने छत्री काढली असती की घागर? पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात सोयाबीन पाण्यात उभे राहिले, नदीकाठची जमीन खरडून गेली. ज्या घरचे रान वाहून गेले, तिथल्या पोराचा आवडता ऋतू पावसाळाच, असे आपण कसे काय धरून चालतो?

आता तुम्ही म्हणाल, पोरांच्या चित्रात एवढे काय? सांगतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि तो मोजतात महसूल मंडळाच्या ठिकाणी. महावेधची स्वयंचलित केंद्रे बसली तीही मंडळनिहाय. एका मंडळात गावे अनेक. ढग फुटतो एका शिवारात आणि यंत्र कोरडे राहते दुसऱ्या शिवारात. मग तलाठ्याच्या दारात हुज्जत, की आमच्याकडे पडला, तुमच्या कागदावर का नाही? ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक बसवण्याची 'विंड्स' योजना केंद्राने २०२३ मध्ये आणली खरी. पण यंत्र येवो न येवो, गावाची स्वतःची वही असायला काय हरकत आहे?

म्हणून सरपंच आणि गुरुजी, दोघांनी मिळून स्पर्धेचा विषयच बदलावा. 'आपल्या गावचा यंदाचा पाऊस' असा ठेवा. मृगात धूळपेरणी केली ती, तरण्या पावसाने दिलेली ओढ, दुबार पेरणी, हस्ताच्या पावसात भिजलेली गंजी, जे दिसले ते पोरांनी काढावे आणि मागे तारीख टाकावी. पंचांगात नक्षत्राचे वाहन असते, बेडूक, मेंढा, गाढव, हत्ती. ते काढायला तर पोरांना गंमतच वाटेल. जोडीला तोंडाशी आणि तळाशी सारखाच रुंद, सपाट बुडाचा डबा झाडा-भिंतीपासून दूर, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजायचे, आकडा वहीत लिहायचा, डबा रिकामा करायचा. पट्टीवर जेवढे मिलिमीटर, तेवढा पाऊस. सहावी-सातवीच्या पोरांना हे सहज जमते.

ही वही सरकारदरबारी पुरावा ठरणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण नुकसानीचा अर्ज लिहिताना 'भरपूर पाऊस झाला' असे मोघम लिहिणे आणि तारखेनिशी आकडा लिहिणे, यात फरक पडतो. पंचनाम्याला आलेल्या माणसालाही विचारायला काही तरी हाती लागते. चित्रे पावसाळा सरल्यावरच्या ग्रामसभेला पंचायतीच्या भिंतीवर लावा. बक्षिसाला रंगपेटी पुरे, आणि परीक्षक म्हणून गावातला एखादा जुना शेतकरी बसवा.